उतारावरचं पाणी : फ्लॉरेन्स ते कासेर्ता

बुधवार, कास्तेल्लो

इटालियन बागेत फुलं बघायला गेलेल्या माणसाची निराशा ठरलेली. मे महिना, ऊन कोवळं, आणि फ्लॉरेन्सवर राज्य केलेल्या मेदिची घराण्याच्या, शहराजवळच्या कास्तेल्लोच्या बागेत फुलं म्हणावीत तर भिंतीकडेला थोडे गुलाब. बाकी सगळा हिरवा रंग. गुडघ्याएवढी कातरलेली बॉक्सवूडची कुंपणं, त्यांचे दोरी लावून आखलेले चौकोन, मधून खडीच्या वाटा आणि ओळीने मांडलेल्या मातीच्या प्रचंड कुंड्या. गच्चीवर जास्वंद, मोगरा, अबोली फुलवण्यात जन्म गेलेल्या बाईने इथे बघायचं तरी काय, असं मी फाटकाशीच पुटपुटले.

आमच्या यांना मात्र लगेच सापडलं. पाटबंधारे खात्यात नोकरी झालेला माणूस कुठेही गेला तरी आधी पाणी कुठून येतं ते बघतो. आत शिरल्या शिरल्या यांनी मान वर करून मागची टेकडी बघितली, मग वळून खालचं शहर बघितलं, आणि म्हणाले, "अगं, हेड भरपूर आहे इथे." हेड म्हणजे पाण्याला मिळणारी उंची. ती असली की पंप नको, काही नको, कारंजं आपसूक उडतं. पुढे कासेर्तापर्यंत हे 'हेड' माझ्या कानाशी भुणभुणत राहिलं. पण या बागांची किल्ली तीच आहे, हेही खरं.

कोसिमो दे मेदिची १५३७ साली ड्यूक झाला तेव्हा सतरा वर्षांचा होता. पोरसवदा, गादीचा थेट वारसही नव्हे, आजूबाजूला त्याला गिळायला टपलेले सरदार. अशा माणसाने दुसऱ्याच वर्षी निक्कोलो त्रिबोलो या शिल्पकाराला बोलावून बागेचं काम काढलं. हौस होतीच, पण त्याहून जास्त तो जाहीरनामा होता. टेकड्यांतलं पाणी नळांनी बागेत आणायचं, ते पर्वताच्या आणि नद्यांच्या मूर्तींमधून वाहवायचं आणि येणाऱ्या राजदूताला, पाहुण्याला न बोलता सांगायचं की या मुलखातलं पाणी माझ्या हुकमाने चालतं. मधल्या कारंज्यावर अम्मान्नाती या शिल्पकाराने घडवलेले ग्रीक पुराणातले हर्क्युलीस आणि आन्तेउस ब्राँझमध्ये बसवले होते. हर्क्युलीस आन्तेउसला जमिनीवरून उचलून आवळतो आणि आन्तेउसच्या तोंडातून निघणारा प्राण म्हणजेच कारंज्याची धार. मारलेल्या शत्रूच्या शेवटच्या श्वासाचं कारंजं! दरबाऱ्यांना अर्थ नक्कीच कळला असणार.

माझी निराशा संपली ती कुंड्यांपाशी. पाचशेच्या वर लिंबूवर्गीय झाडं, सगळी कुंड्यांत, आणि कुंड्या जवळच्या इम्प्रुनेता गावच्या भाजलेल्या मातीच्या, काही तर माझ्या कमरेच्या वर. थंडीत ही सगळी पलटण लिमोनाइया नावाच्या लांबलचक इमारतींत हलवतात आणि वसंतात पुन्हा बाहेर आणतात. आम्ही गेलो तेव्हा नुकतीच बाहेर आली होती. एका झाडाशी मी थबकले. फळ हाताच्या ओंजळीएवढं, पिवळं, साल गाठीगाठींची. हे तर आपलं म्हाळुंग! कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं ते. हे फळ मुळात आपल्या बाजूचं, हिमालयाच्या पायथ्याकडचं. इराणमार्गे भूमध्य समुद्रापर्यंत आलं आणि मेदिचींनी त्याचे इतके प्रकार जमवले की पुढे चित्रकाराकडून ते सगळे रंगवून घेतले.

इथलं सर्वांत विचित्र झाड म्हणजे 'बित्सारिया'. एकाच फांदीवर आंबट नारिंग, म्हाळुंग आणि अर्धं हे अर्धं ते अशी फळं. नारिंगाच्या गर्द केशरी सालीवर मधेच म्हाळुंगाची पिवळी, खरबरीत पट्टी, जणू ठिगळ लावलंय. हे सतराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या एका बागेत योगायोगाने निपजलं. डोळा भरताना खुंट आणि कलम यांच्या सांध्यावर दोन्ही झाडांच्या पेशी मिसळून जो कोंब फुटला, तोच वाढवला गेला. नागपुरी संत्र्यासाठी जंबेरीच्या खुंटावर डोळे भरणाऱ्या कुणालाही हे सांगितलं तर तो आधी हसेल. विसाव्या शतकात हे झाड नाहीसं झालं असंच सगळे धरून चालले होते, मग १९८०च्या सुमारास इथल्या मुख्य माळ्याला ते पुन्हा सापडलं. मी त्या झाडाभोवती इतका वेळ घातला की हे वरच्या गुहेपर्यंत जाऊन परत आले.

गुहा म्हणजे टेकडीच्या पोटात बांधलेली खोली. भिंती आणि छत सच्छिद्र चुनखडीच्या दगडाने आणि शिंपल्यांनी मढवलेले, आणि दगडी हौदांवर रंगीबेरंगी दगडांत कोरलेली जनावरं दाटीवाटीने उभी: उंट, रानडुक्कर, एकशिंगी घोडा. पूर्वी पाहुणे आत शिरले की तोट्या सोडून त्यांना भिजवायची पद्धत होती. मोंतेन्य या फ्रेंच लेखकाने १५८०च्या प्रवासात मेदिचींच्या बागांतली ही थट्टा लिहून ठेवली आहे. त्याच्यासारखे प्रवासी घरी जाऊन जे सांगत, त्यातूनच या बागांची कीर्ती आल्प्सपलीकडे गेली. व्हिलाच्या, म्हणजे बागेतल्या हवेलीच्या, इमारतीत हल्ली इटालियन भाषेची जुनी अकादमी, आक्कादेमिआ देल्ला क्रुस्का, नांदते. प्रवेश फुकट आणि बागेत आमच्याखेरीज शाळेची एक सहल, बस्स.

संध्याकाळी चालत शेजारच्या पेत्राइया व्हिलात गेलो. तिथे जस्टो उतेन्स याने १६००च्या आगेमागे रंगवलेली मेदिचींच्या व्हिलांची अर्धवर्तुळाकार चित्रं आहेत, घारीने वरून बघावं तशी. कास्तेल्लोच्या चित्रात कुठला हौद कुठे, कुठली भिंत किती उंच, सगळं स्पष्ट. यांनी चष्मा काढून नाक चित्राला लागेल इतकं जवळ नेलं तेव्हा तिथली बाई खाकरली.

गुरुवार, बोबोली

आज रांग, तिकीट, गर्दी. पित्ती राजवाडा १५४९ साली कोसिमोच्या बायकोने, एलेओनोरा दि तोलेदोने, विकत घेतला आणि मागच्या टेकडीवर बाग काढली. सुरुवात त्रिबोलोचीच, पण तो वर्षभरात वारला आणि मग पुढची दोनेकशे वर्षं जो येईल तो भर घालत गेला. ते जाणवतं. कास्तेल्लो एका डोक्यातून निघालेली आहे, बोबोली वाड्यासारखी वाढलेली आहे.

राजवाड्यामागचं अॅम्फिथिएटर ही मूळची दगडाची खाण. बांधकामाला दगड काढून जो खड्डा उरला त्यालाच आकार दिला. मधे इजिप्तचा ओबेलिस्क, म्हणजे निमुळता दगडी स्तंभ, उभा आहे, तो रोमच्या व्हिला मेदिचीतून इथे आणला. आत्ताच्या फ्लॉरेन्सवाल्यांना बोबोली म्हणजे सावलीत बसायची जागा. ड्यूक पिएत्रो लेओपोल्दोने १७६६ साली ती लोकांना खुली केली, त्याआधी ती राजघराण्याचीच होती.

बुओन्तालेन्तीची गुहा ठरावीक वेळीच उघडतात, म्हणून दाराशी थांबून राहिलो. पहिल्या खोलीत भिंतीच वितळल्यासारख्या. मेंढपाळ, मेंढ्या, झाडं हे सगळं चुनखडीच्या लोंबत्या थरांमधून अर्धवट बाहेर येतं. चार कोपऱ्यांत मायकेलअँजेलोचे अपुरे राहिलेले 'कैदी' पुतळे होते. १९०८ पासून तिथे त्यांच्या प्रतिकृती आहेत, मूळ पुतळे आक्कादेमिया संग्रहालयात. छताच्या गोल झरोक्यात एके काळी काचेचा हौद होता आणि त्यात मासे पोहत, त्यामुळे उजेड हलता यायचा. हे वाचून मी तो झरोका बराच वेळ बघत बसले. आता तिथून साधं ऊन येतं, पण डोक्यावर मासे पोहताहेत आणि खाली पाण्याचा उजेड भिंतीवर थरथरतोय ही कल्पना ज्याला सुचली त्याला दंडवत.

बाहेर पडताना कासवावर बसलेला ढेरपोट्या बुटका दिसतो. तो कोसिमोच्या दरबारातला मोर्गान्ते. लोक त्याच्याबरोबर फोटो काढतात. मला तो थट्टेचा पुतळा आवडला नाही. माणसाला कायमचं नागडं करून कासवावर बसवलंय.

या बागेच्या फ्रान्सपर्यंतच्या प्रवासाबद्दल मात्र लिहायलाच हवं. पित्तीत वाढलेली मारिया दे मेदिची १६०० साली फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीला दिली. नवरा गेल्यावर तिने पॅरिसमध्ये लुक्झेम्बर्गचा राजवाडा आणि बाग करायला घेतली ती माहेरच्या आठवणीने. बाग नेली राणीने, पण कारंजी नेली नळ जोडणाऱ्यांनी. फ्लॉरेन्सचा तोम्मासो फ्रान्चिनी लग्नाआधीच हेन्रीच्या चाकरीत गेला होता. पॅरिसजवळच्या साँ-जेर्मेंच्या उतारावर त्याने गुहा आणि चालत्याबोलत्या यंत्रांच्या मूर्ती केल्या, आणि लुक्झेम्बर्गचं मेदिची कारंजंही त्याचंच मानतात. त्याच्याच घराण्यातले पुढचे लोक, आता आडनाव फ्रान्सिन, चौदाव्या लुईच्या व्हर्सायमध्ये कारंज्यांचे कारभारी झाले.

व्हर्सायला अडचण एकच होती. टेकडी नव्हती. मग सेन नदीवर मार्लीला चौदा पाणचक्क्या आणि दोनशेच्या वर पंप लावून पाणी दीडशे मीटरच्या वर चढवावं लागलं, आणि तेवढ्यावरही सगळी कारंजी एका वेळी उडत नसत. राजा फिरायला निघाला की माळी शिट्ट्या वाजवून पुढच्या माणसाला सांगत, तो तोटी उघडायचा, राजा पुढे गेला की मागची बंद. मी हे वाचून दाखवलं तेव्हा यांचा चेहरा उजळला. "म्हणजे उपसा सिंचन," हे म्हणाले. "आणि वर रोटेशन. वीजबिल कोण भरायचं?"

शुक्रवार, बान्याइया

सकाळच्या गाडीने दक्षिणेकडे. आरेत्सो गेल्यावर पूर्वेला डोंगरांची रांग दिसते. तिच्यापलीकडे तिबेर नदीचं वरचं खोरं. १० जुलै १९४४ रोजी तिथे माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, आपल्या तुकडीतले सगळे पडल्यावर एकटे शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले आणि ठाणं जिंकून मगच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोन्तोने गावात २०२३ साली त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक झालं. आमच्या वाटेवर ते नव्हतं, पण डोंगर दिसले तेव्हा हे उठून खिडकीशी उभे राहिले. त्याच वर्षीच्या लढाईत बान्याइया आणि तिवोली इथल्या बागांवरही बॉम्ब पडले होते. आज आपण बघतो ते बरंचसं नंतर दुरुस्त केलेलं आहे.

ओर्तेला गाडी बदलून वितेर्बो, तिथून बसने पाच किलोमीटर. गाव लहान, चौकात दोन कॅफे, आणि गल्ली चढून गेलं की व्हिला लान्ते.

मला विचाराल तर सगळ्या इटलीत बाग एकच बघायची असेल तर ही बघा. इथे राजवाडाच नाही. कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी, जानफ्रान्चेस्को गाम्बाराने १५६८ नंतर ही बाग करवून घेतली. आराखडा विन्योला या वास्तुविशारदाचा मानतात आणि पाण्याचं काम सिएनाच्या तोम्मासो गिनुच्चीचं. साधारण रीत अशी की मधे मोठं घर आणि घराला शोभा म्हणून बाग. इथे घराचे दोन तुकडे करून ते बाजूला सारले आहेत, दोन सारख्या चौकोनी हवेल्या, आणि मधला मान पाण्याला. हे लक्षात आलं की बाकी सगळं उलगडत जातं.

पाण्यामागून चालायचं असेल तर वरून सुरुवात करावी. अगदी माथ्यावर शेवाळलेल्या कपारीतून पाणी कोसळतं, त्याचं नाव महापुराचं कारंजं. म्हणजे हे रानटी, बेबंद पाणी. मग एक डॉल्फिनांचं कारंजं, आणि मग ती प्रसिद्ध साखळी: दगडात कोरलेला लांबलचक पन्हळ, ज्याच्या दोन्ही कडा वेटोळ्यावेटोळ्यांच्या. वरच्या टोकाला झिंग्याचं डोकं, खालच्या टोकाला नांग्या. गाम्बेरो म्हणजे झिंगा आणि मालक गाम्बारा, म्हणून. मी वाकून हात घातला. पाणी बर्फासारखं गार, आणि प्रत्येक वेटोळ्यात आपटून ते किंचित उसळी घेतं, त्यामुळे सरळ उतारावरून घरंगळण्याऐवजी ते उड्या मारत उतरतं, आणि आवाजही तसाच येतो. यांनी बोटाने खोली मोजली, कडेचा वळसा चाचपला आणि म्हणाले, "वेग मोडलाय. आम्ही हेच करतो कालव्याच्या फॉलला, फक्त आमचं कुणी बघायला येत नाही."

झिंग्याच्या नांग्यांतून पाणी दोन रेललेल्या नदीदेवतांपुढे पडतं, तिबेर आणि आर्नो. त्याखाली दगडी जेवणाचं मेज, लांबच लांब, आणि मेजाच्या मधोमध पाट. पाहुणे दोन्ही बाजूंना बसणार, मधल्या वाहत्या पाण्यात वाइन गार होणार. ही कल्पना धाकट्या प्लिनीच्या पत्रांतून उचललेली, त्या रोमन गृहस्थाच्या बागेत हलके पदार्थ पाण्यावर तरंगत यायचे. जेवण आटोपलं की पाणी गोल पायऱ्यांच्या कारंज्यातून आणखी खाली येतं आणि शेवटी सपाट चौकोनात, चार हौदांत, निपचित पडतं. भोवती बॉक्सवूडची कातरीव नक्षी. डोंगरातल्या पुरापासून आरशासारख्या हौदापर्यंत, रानापासून भूमितीपर्यंत. एवढं सांगायला एक शब्द लिहावा लागलेला नाही.

कार्लो बोर्रोमेओ, जो पुढे संत ठरला, तो इथे येऊन गेला आणि एवढ्या उधळपट्टीबद्दल गाम्बाराला सुनावून गेला म्हणतात. त्यामुळे दुसरी हवेली गाम्बाराच्या हयातीत झाली नाही. ती पोप सिक्स्टस पाचव्याच्या नात्यातल्या पोरगेल्या कार्डिनल मोन्ताल्तोने पुरी केली, आणि मधल्या कारंज्यावर आपल्या घराण्याची चिन्हं चढवली. माथ्यावर गाम्बाराचा झिंगा, पायथ्याला मोन्ताल्तोचा तारा.

शनिवार, बोमार्त्सो

वितेर्बोहून बोमार्त्सोला बस फार कमी, टॅक्सी केली. इथलं रान याच काळातलं, पण सगळ्याच्या उलट. विचिनो ओर्सिनी नावाच्या लढवय्या सरदाराने सोळाव्या शतकाच्या मध्यात गावाखालच्या खोऱ्यात जागच्या जागी पडलेल्या पेपेरिनो दगडांतून राक्षस कोरून घेतले. रांग नाही, मध्यरेषा नाही. हत्तीने सोंडेत रोमन शिपाई पकडलाय, एक घर मुद्दाम कललेलं, आणि एक तोंड वासलेला चेहरा, ज्याच्या ओठावर लिहिलंय की इथे प्रत्येक विचार उडून जातो. आत दगडी मेज आहे. आत उभं राहून बोललं की आवाज घुमतो आणि बाहेरच्याला ऐकू जातो.

तिथे आलेली पोरं मजेत होती. मला तासाभरात पुरे झालं. दगडांच्या अर्थाबद्दल विद्वानांनी ढीगभर लिहिलंय, पण तिथे प्रत्यक्षात माणूस पुढचा राक्षस कुठे एवढंच बघतो. लान्तेनंतर लगेच बघू नये, एवढा सल्ला देईन. संध्याकाळच्या गाडीने रोम.

रविवार, तिवोली

रोमच्या तिबुर्तिना स्टेशनवरून गाडीने तिवोली. व्हिला देस्ते. रविवार असल्यामुळे अख्खं रोम आलं होतं.

कार्डिनल इप्पोलितो देस्ते फेर्राराच्या ड्यूकच्या घरातला, श्रीमंत, आणि पोप होण्यासाठी जन्मभर झटलेला. झाला नाही. १५५० साली त्याला तिवोलीचं गव्हर्नरपद मिळालं, तेही राजकारणातला सौदा म्हणून. रोमच्या गादीवर बसता आलं नाही तर रोमपेक्षा देखणं काहीतरी करून दाखवू, असा एकूण आव. उतार मनासारखा मिळावा म्हणून त्याने खालच्या मोहल्ल्यातली घरं पाडली, भराव घातला, भिंती उभारल्या. घरं गेलेल्यांनी त्याच्यावर दावे लावले. धरणग्रस्तांच्या सुनावण्यांना बसलेल्या आमच्या यांनी हे ऐकून फक्त "हं" केलं.

आराखडा पिर्रो लिगोरिओचा. हा मूळचा पुराणवस्तूंचा अभ्यासक. जवळच सम्राट हेड्रियनचा उद्ध्वस्त व्हिला आहे, तिथे त्याने खणलं आणि संगमरवर आणि पुतळे सरळ इकडे आणले. पाण्यासाठी आन्येने नदीचा प्रवाह गावाच्या वरच्या अंगाला अडवून गावाखालून जवळजवळ सहाशे मीटरचा बोगदा खणला. पन्नासाच्या वर कारंजी, आणि एकालाही पंप नाही, साडेचारशे वर्षं. पुण्याच्या माणसाला इथे कात्रज आठवणारच. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात कात्रजच्या तळ्यातून शहरात पाणी आणलं तेही नुसत्या उताराच्या जोरावर, जमिनीखालच्या दगडी नळातून, वाटेत हवेसाठी उच्छ्वास ठेवून. शनिवारवाड्याचं हजारी कारंजं त्याच पाण्यावर उडायचं. पेशव्यांनी तिवोली पाहिलं नव्हतं. पाणी कुठेही गेलं तरी एकाच नियमाने वागतं, त्याला कुणाची नक्कल करावी लागत नाही. इथला बोगदा अजून वाहतोय आणि आपलं हजारी कारंजं कोरडं आहे, हे मात्र बोलून दाखवायला नको होतं, कारण मग यांनी पुढचा अर्धा तास पुणे महापालिकेवर काढला.

शंभर कारंज्यांची भिंत फोटोंत पाहिली होती. फोटोत कळत नाही ती गोष्ट म्हणजे गारवा. तीन ओळींत पाणी: वरची ओळ कमानी करून उडते, मधली तिरकी पडते, खालची जनावरांच्या तोंडांतून गळते. तोंडं पूर्वी नीट ओळखू येत असतील. आता शेवाळ, चुनखडीचा थर आणि हंसराज यांनी ती इतकी बुजवली आहेत की कुठे नुसता एक डोळा, कुठे नुसता ओठ. हंसराजाच्या काळ्या, केसासारख्या देठांवर थेंब अडकून राहतात आणि पान ओलं होत नाही. घरी कुंडीत मी ही वनस्पती जगवता जगवता मेटाकुटीला येते, आणि इथे ती दगडाच्या नाकातून उगवली होती. फुलांचा माझा हट्ट इथे साफ गळाला.

पाण्याचा ऑर्गन ऐकायचा तर वेळ धरून उभं राहावं लागतं. ऑर्गन १५७१च्या सुमाराचा, फ्रेंच कारागिरांनी केलेला. पाणी उंचावरून बंद खोलीत जोरात कोसळतं, येताना हवा ओढून आणतं, ती हवा कोंडली जाऊन नळ्यांत घुसते. आणि उरलेलं पाणी चाक फिरवतं, चाकावरच्या खुंट्यांचा दंडगोल कोणती नळी कधी वाजायची ते ठरवतो. मोंतेन्यने १५८१ मध्ये तो ऐकला. मग यंत्र मोडलं, शतकानुशतकं मुकं होतं, आणि २००३ साली पुन्हा चालू केलं. झडपा उघडल्या आणि चार मिनिटांची एक सरळसाधी चाल वाजली. सूर थोडे दबलेले. पण शेजारी पाण्याचा एवढा गदारोळ असताना तेच पाणी गातंय म्हटल्यावर टीका काय करायची? लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे झडपा कुठे आहेत ते शोधत मागच्या बाजूला गेले आणि तिथल्या रखवालदाराने त्यांना नम्रपणे परत आणलं.

सोमवार, कासेर्ता

मंगळवारी बंद असतं म्हणून आज. रोमहून गाडीने सव्वा तास, स्टेशनसमोरच राजवाडा. कार्लो बुर्बोन या नेपल्सच्या राजाने १७५२ साली पायाभरणी केली, वास्तुविशारद लुइजी व्हानव्हितेल्ली. राजाला व्हर्साय हवं होतं. म्हणजे इटलीतून फ्रान्सला गेलेली बाग दीडेकशे वर्षांनी फुगून इटलीत परतली. बाराशे खोल्या, आणि मागे तीन किलोमीटर लांबीची एकच सरळ रेघ: हौद, धबधबा, हौद, धबधबा. राजवाड्याच्या कमानीतून टेकडीवरचा धबधबा पांढऱ्या रेषेसारखा दिसतो. दिसतो आणि दिसतच राहतो. चालून चालून तो जवळ येईना. बस आहे, सायकली मिळतात, आम्ही हट्टाने चाललो.

मला स्वतःला इथे कंटाळा आला, स्पष्टच सांगते. लान्तेला दर पंचवीस पावलांवर पाणी रूप बदलतं, इथे तोच हौद मैलभर. मोठेपणा दाखवायचा म्हणून मोठं केलेलं. तरी शेवटी, धबधब्याच्या पायथ्याशी, डायना आणि आक्तेऑन आहेत. देवीला न्हाताना पाहिलं म्हणून शिकाऱ्याचं हरीण झालं, आणि त्याचेच कुत्रे त्याच्यावर तुटून पडलेत. एका कुत्र्याचे दात मानेत रुतलेत, आणि पाठीमागून एवढं पाणी कोसळतंय की भुंकणं ऐकू आल्याचा भास होतो. तिथे दगडावर बसून डबा खाल्ला.

यांच्यासाठी खरं देऊळ मात्र दिसत नाही ते आहे. एवढं पाणी आणायला व्हानव्हितेल्लीने ३८ किलोमीटरचा जलसेतू काढला, बहुतेक जमिनीखालून, डोंगर फोडून, आणि एका दरीवर तीन मजली कमानींचा पूल, अर्धा किलोमीटर लांब. पाणी आलं १७६२ साली. तोवर राजा स्पेनच्या गादीवर निघून गेला होता, त्याने ते पाहिलंच नाही. "प्रकल्प पुरा होईपर्यंत मंत्री बदलतोच," हे म्हणाले.

धबधब्याच्या एका बाजूला इंग्लिश बाग आहे. १७८६ साली राणी मारिया कारोलिनाने, मारी आंत्वानेतच्या बहिणीने, ब्रिटिश राजदूत विल्यम हॅमिल्टनच्या सल्ल्याने ती सुरू केली, आणि माळी आला इंग्लंडमधून, जॉन अँड्र्यू ग्रेफर. एकही रेघ सरळ नाही. वाटा वळणावळणाच्या, तळं वेडंवाकडं, कापूर, बांबू, दूरदेशची झाडं, आणि मुद्दाम बांधलेला रोमन भग्नावशेष. ज्या देशात खरे रोमन अवशेष पायाखाली येतात तिथे खोटा अवशेष बांधायची फॅशन इंग्लंडहून यावी! पण इंग्रजांनी ती उचलली होती रोमभोवतालच्या प्रदेशाच्या चित्रांतून, म्हणजे इटलीतूनच. फुलं मला मिळाली ती इथेच, आणि तोवर मला त्यांची गरज उरली नव्हती.

चार वाजता सान लेऊचोला गेलो, टेकडीच्या अंगाखांद्यावरचं रेशीम विणकरांचं गाव. त्याच जलसेतूचं पाणी इथे रेशमाच्या रहाटांना लावलं होतं. राजा फेर्दिनान्दोने १७८९ साली या वसाहतीसाठी कायदे केले: मुलामुलींना शिक्षण सक्तीचं, वारशात मुलींचा हिस्सा मुलांइतका, हुंडा बंद. लाकडी यंत्रं अजून तिथे आहेत, मजलाभर उंच, तळाशी चाक. मार्गदर्शक मुलीने एक रहाट फिरवून दाखवला. आमच्या यांनी चाकाचा व्यास विचारला, मग पाण्याचा विसर्ग विचारला. तिला व्यास माहीत होता.